पत्रकार व्हायचे आहे? मग कन्नडही शिका

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की सीमाभागातील मुले पुढच्या शिक्षणाची चौकशी करू लागतात. त्यांत पत्रकारितेचे नाव आता वरचेवर ऐकू येते. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ येथे हे शिक्षण मिळते. मुलांनी जरूर जावे. ज्या बेळगावात बाबूराव ठाकूर यांनी 1919 साली ‘तरुण भारत’ सुरू केला, त्या गावाला पत्रकारिता नवी नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मुलांच्या डोळ्यांसमोर असतो तो चॅनेलवरचा चेहरा आणि हातातला माईक. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची खरी बातमी मात्र असते महापालिकेच्या ठरावात, तहसीलदाराच्या आदेशात, भूसंपादनाच्या नोटिशीत. हे कागद बहुतेक कन्नडमध्ये असतात. ज्याला ते वाचता येत नाहीत तो दुसऱ्याने सांगितलेलेच छापणार. मग हरकतीची मुदत टळून जाते आणि शेतकऱ्याला कळते ते मोजणीवाले बांधावर उभे राहिल्यावर!

आपल्या मुलांना शाळेत कन्नड विषय असतो, पण तो पास होण्यापुरता. सरकारी कागद वाचण्याइतके कन्नड त्यांना आले पाहिजे, असे आमचे मत आहे.

यावर काही मंडळी म्हणतील, ही तर माघार झाली. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के वा त्याहून अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे संरक्षण केंद्राने मान्य केलेले आहे. ती मागणी आपण सोडायची नाही. पण अमुक सूचना फक्त कन्नडमध्ये निघाली आणि तिच्यात काय लिहिले होते, हे दाखवून देणारा कोणीतरी आपला हवा. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागो, रोजचे कागद तोवर थांबत नाहीत. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढले तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. त्याने त्यांची मराठी काही कमी झाली नाही.

भाषेबरोबर आकडेही यावेत. अंदाजपत्रकात रस्त्यासाठी किती रक्कम धरली आणि प्रत्यक्षात किती खर्च झाली, हे दोन रकाने ताडून पाहणे कॉमर्सच्या मुलाला अवघड नाही. माहिती अधिकार कायदा 2005 पासून आहे. दहा रुपये भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. तो अर्ज कसा लिहावा, हे मुलांनी पहिल्याच वर्षी शिकून घ्यावे.

आपल्या मंडळाला आमची सूचना आहे. दर रविवारी तासभर सरकारी कन्नड वाचनाचा वर्ग घ्यावा. शिकवायला निवृत्त तलाठी, कारकून, शिक्षक आपल्यातच आहेत. पालकांनीही फी भरण्याआधी मुलाला एक कन्नड नोटीस वाचायला द्यावी. अडला तर रागावू नये, वर्गाला पाठवावे.