नायिकांच्या पाठीचा कणा
श्री. जिम ली यांना खुले पत्र

श्री. जिम ली,
अध्यक्ष व प्रकाशक, डीसी कॉमिक्स,
बरबँक, कॅलिफोर्निया



हे पत्र डीसी किंवा मार्व्हल या संस्थांच्या नावे न लिहिता आपल्या नावे का लिहिते आहे, ते आधी सांगते. सुपरहिरो कॉमिक्समधल्या स्त्रिया अशा का दिसतात, याचे उत्तर चित्रकार म्हणूनही आणि प्रकाशक म्हणूनही देऊ शकतील अशी माणसे फार थोडी आहेत. आपण त्यांतले एक. १९९१ साली आपण रेखाटलेल्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि त्या विक्रमाची नोंद गिनेसने केली. त्यानंतर किती तरी होतकरू चित्रकारांनी आपली पाने समोर ठेवून हात बसवला. २०१० पासून आपण डीसीच्या प्रकाशकपदावर आहात, आधी सहप्रकाशक म्हणून. रेघ कशी ओढायची हे आपण एका पिढीला शिकवलेत, आणि आता कोणती रेघ छापायची हे ठरवण्याचा अधिकारही आपल्याकडे आहे.

सायलॉकपासून सुरुवात करते. सायलॉक म्हणजे ‘एक्स-मेन’मधली बेट्सी ब्रॅडॉक ही इंग्रज नायिका, दुसऱ्याच्या मनातले ओळखणारी, चिलखत घालून लढणारी. १९८९ च्या अखेरीस क्रिस क्लेअरमाँट यांच्या कथेत तिला एका जपानी मारेकरी स्त्रीचा देह मिळाला आणि तो देह आपण चितारलात. अंगावर पोहण्याच्या पोशाखाइतके कापड, दंडा-मांड्यांवर पट्ट्या. हे रूप वाचकांना इतके आवडले की बेट्सीला स्वतःचा देह परत मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. त्या दुसऱ्या देहाची खरी मालकीण क्वानन. तिचे नाव कळायलाही वाचकांना काही वर्षे थांबावे लागले. कथा क्लेअरमाँट यांची होती, मासिक मार्व्हलचे होते, हे मान्य. पण सायलॉक वाचकांच्या डोळ्यांत ठसली ती आपल्या चित्रांमुळे.

आता मुद्द्याचे. मुखपृष्ठावर नायिका छतावरून झेप घेते तेव्हा तिची छाती वाचकाकडे असते आणि नितंबही वाचकाकडेच असतात. आपण वैद्यकीच्या वाटेवरून चित्रकलेकडे वळलात, त्यामुळे कमरेचे मणके फार थोडे वळतात हे मी आपल्याला सांगायला नको. खरी बाई असा पीळ देऊ गेली तर ती छतावर न पोहोचता अस्थिरोगतज्ज्ञाकडे पोहोचेल. २०१२ च्या डिसेंबरात काही चित्रकारांनी या प्रकाराची मजेदार परीक्षा घेतली. नायिकांच्या गाजलेल्या मुखपृष्ठांवरची नायिका काढून त्याच पवित्र्यात हॉकआय हा धनुर्धर नायक बसवायचा. ‘हॉकआय इनिशिएटिव्ह’ नावाने ती चित्रे जगभर फिरली. बघणारे पोट धरून हसले, कारण मागे वळून ओठांचा चंबू करणारा धनुर्धर लढायला निघाला आहे यावर कोणाचाही विश्वास बसेना. तोच पवित्रा नायिकेने घेतला की मात्र आपण हसत नाही. डोळ्यांना तशी सवय लागली आहे.

हे पत्र आमच्याकडे छापले गेले की संस्कृतिरक्षक म्हणवणारे काही जण टाळ्या वाजवतील, याची मला धास्ती आहे. त्यांच्यासाठीही सांगते: माझे भांडण कमी कपड्यांशी नाही आणि सौंदर्याशी तर नाहीच. दीनानाथ दलालांनी रंगवलेल्या देखण्या स्त्रिया दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर पाहत मराठी घरे वाढली. अंक विकला जावा हा हेतू तिथेही होता. पण दलालांची स्त्री चित्रात बसलेली असे, आपल्याच तंद्रीत असे. ती इमारतीला लागलेली आग विझवते आहे असे कोणी सांगत नव्हते. आपली नायिका पृथ्वी वाचवायला निघालेली असते. तिचे काम एक आणि तिच्या शरीराला लावलेले काम दुसरेच, इथे माझी हरकत आहे. कॅटवुमनने बॅटमॅनला भुरळ घालावी, खुशाल घालावी. तो तिचा स्वभाव आहे आणि डावही. पण २०११ च्या सप्टेंबरात ‘कॅटवुमन’चा नवा पहिला अंक उघडला तेव्हा तिचा चेहरा दिसण्याआधी तिची अंतर्वस्त्रे दिसली. त्या पानावर बॅटमॅन नव्हता. भुरळ वाचकाला घातली जात होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

त्याच दिवशी आलेल्या ‘रेड हूड अँड द आउटलॉज’मध्ये स्टारफायर होती. ‘टीन टायटन्स’ या कार्टूनमुळे ही हसरी, भाबडी, परग्रहावरची मुलगी जगभरच्या लहान मुलांच्या ओळखीची. अंकात मात्र ती पाण्यातून चिंधीएवढ्या बिकिनीत बाहेर आली आणि ज्या पुरुषांची नावेही तिच्या लक्षात राहत नाहीत त्यांना शरीरसंबंधाचे आमंत्रण देऊ लागली. आपण तेव्हा सहप्रकाशक होतात. त्या मोसमात डीसीने एकदम ५२ मालिका नव्याने सुरू केल्या आणि त्यांच्या लेखकांत स्त्री एकच होती, गेल सिमोन. हीच सिमोन १९९९ साली ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’ ही यादी करून गेली होती. पुरुष नायकाला सूड घ्यायला कारण हवे म्हणून ज्यांना मारले, मोडले, शक्तिहीन केले, अशा स्त्री पात्रांची ती यादी. यादीचे नाव आले १९९४ च्या ‘ग्रीन लँटर्न’वरून, ज्यात नायकाला आपल्या प्रेयसीचे प्रेत फ्रिजमध्ये सापडते. उघडे टाकणे आणि कापून टाकणे यांमागे एकच समजूत आहे, की हे पात्र दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीसाठी आहे.

वंडर वुमनच्या विजारीचे प्रकरण तर आपल्याच हातचे. २०१० साली तिच्या मासिकाच्या ६०० व्या अंकात आपण आखलेला पोशाख आला, जाकीट आणि लांब विजार. पुढच्या वर्षी ‘जस्टिस लीग’च्या जाहिरातीतल्या चित्रातही विजार होती, अंक हाती येईपर्यंत ती गेलेली होती. लोक विजारीवर भांडत बसले. मला विजार आली काय, गेली काय, सारखेच. उघड्या पायांची वंडर वुमन दोन्ही पाय रोवून उभी राहिली तर ती योद्धा दिसते, आणि गळ्यापर्यंत झाकलेली नायिकाही त्वचेवर रंग फासल्यासारख्या घट्ट पोशाखात नागडीच दिसते.

म्हणून बंदी वगैरे मला नको. १९५४ च्या कॉमिक्स कोडमध्ये स्त्रियांची शरीरे वास्तव काढावीत, कोणताही अवयव फुगवू नये, असे कलम होतेच. त्याने काय साधले? १९५६ साली बॅटवुमन आली ती अंगभर कपड्यांत, पण हातात पर्स, आणि पर्समध्ये लिपस्टिक नि पावडरच्या डब्यांची शस्त्रे. अंग झाकले गेले. बाई हास्यास्पद ती हास्यास्पदच राहिली.

या साऱ्यामागे एक व्यवहार आहे आणि तो आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो. पूर्वी कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर मिळत. मुली, मुलगे, कोणीही घेई. पुढे ती खास दुकानांत गेली. दुकानदार काही महिने आधी मागणी नोंदवणार, न विकलेला माल परत जाणार नाही. मग त्याने ठरलेल्या गिऱ्हाइकाला आवडेल तेच मागवायचे, आणि ते गिऱ्हाईक बहुतेक पुरुष. त्यात एकाच अंकाची चार-पाच निरनिराळी मुखपृष्ठे काढून संग्राहकांना विकण्याची रीत आली. २०१४ साली मार्व्हलने ‘स्पायडर-वुमन’च्या पहिल्या अंकाचे असे एक मुखपृष्ठ इटलीतल्या मिलो मनारा या शृंगारचित्रकाराकडून करून घेतले आणि त्यावर ओरड झाली. बोलावले कोणाला, हे बोलावणाऱ्यांना ठाऊक होते.

पण व्यवहाराची सबब मोठ्या दारात टिकत नाही. आमच्या पिढीला इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळाची डायना पामर भेटली. ती संयुक्त राष्ट्रांत नोकरी करत असे. २०१६ च्या ऑक्टोबरात दुसरी डायना, म्हणजे आपली वंडर वुमन, त्याच संयुक्त राष्ट्रांत गेली, स्त्रिया व मुलींच्या सक्षमीकरणाची मानद दूत म्हणून. समारंभ चालू असताना तिथल्याच कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवून निषेध केला. विरोधाच्या अर्जावर हजारो सह्या झाल्या. दोन महिने पुरे होण्याआधीच दूतपद संपले. मला त्याचे वाईट वाटले. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९४१ साली निर्माण केलेली ही नायिका त्या पदाला साजेशी होती. तिच्या सुरुवातीच्या गोष्टींतही साखळदंडांचा सोस होता, आणि १९४३ मध्येच प्रकाशकांच्या सल्लागार मंडळातल्या जोसेट फ्रँक यांनी त्यावर हरकत घेतली होती. तरी एच. जी. पीटर यांच्या चित्रांत ती धावत होती, साखळ्या तोडत होती. पंचाहत्तर वर्षांनी तिचे कर्तृत्व कोणाला दिसेना, कारण मधल्या काळात चित्रकारांनी दाखवले ते दुसरेच काही.

चांगले केलेलेही सांगायला हवे. २०१४ मध्ये बॅब्ज टार आणि सहकाऱ्यांनी बॅटगर्लला चामड्याचे जाकीट, पिवळे बूट आणि बटणांनी काढता येणारी केप दिली. एखादी कॉलेजकन्या स्वतः शिवून घेईल असा पोशाख. पुढच्याच वर्षी जोकर तिला धमकावतो आहे असे एक मुखपृष्ठ चित्रकाराच्याच विनंतीवरून आपण मागे घेतलेत. २०२४ मध्ये केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांची ‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’ आली: रुंद खांद्यांची, दणकट दंडांची, स्वतःच्या उंचीची तलवार पेलणारी. तिचा पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. तेव्हा ‘खपते ते छापतो’ म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. हेही खपते.

मागणे तीनच आहेत. मुखपृष्ठ मंजूर करताना संपादकाने विचारावे, ही बाई या चित्रात काय करते आहे? उत्तर ‘दिसते आहे’ एवढेच असेल तर चित्र परत पाठवावे. केपचा रंग चुकला तर आपल्याकडे पान दुरुस्तीला जाते; कमरेचा पीळ चुकला तरी जावे. आणि संग्राहकांसाठीच्या जादा मुखपृष्ठांना यातून सूट नसावी, कारण घाण बहुतेक त्याच दाराने आत येते. आपल्या मुख्य संपादक मेरी जाव्हिन्स यांना या कामी वेगळा अधिकार लागणार नाही. आपला एक शब्द पुरेल.

आणि एक विनंती खास चित्रकार जिम ली यांना. आपल्या हातात अजून ती ताकद आहे. पुढचे मुखपृष्ठ वंडर वुमनचे काढा आणि तिला धावताना काढा. जे आपल्याला पाहून वाकडे शिकले, ते आपल्याला पाहूनच सरळ शिकतील.

कळावे,
आपली एक मराठी वाचक