आधी फडकं, मग सोल्युशन

चिकटवायच्या कामातलं खरं काम चिकटवण्याआधीच झालेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. त्यावरून घरात दोनदा वाद झाले. तिसरा इथेच घालतो, म्हणजे निदान कोणी मध्येच जेवायला उठून जाणार नाही.

विषय तसा साधा. प्लास्टिकला प्लास्टिक जोडायचं तर आधी त्याचा पृष्ठभाग तयार करावा लागतो. पुसायचा, खरवडायचा, कधी त्याहूनही जास्त काही. आपल्याकडे हे करायला कोणाला वेळ नसतो. आणि जोड निसटला की शिव्या खातं ते बिचारं सोल्युशन.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या नंदुरबारकडे सोल्युशन म्हणजे पीव्हीसी पाइप जोडायचा तो उग्र वासाचा डबा. शहादा, प्रकाशा, सारंगखेडा या तापीकाठच्या पट्ट्यात केळी, पपई, ऊस, मिरची सगळं जमिनीखालच्या पाइपांवर चालतं. वर दिसतात फक्त ठिबकच्या काळ्या नळ्या. खाली दोन-तीन फुटांवर पीव्हीसीची लाइन आणि तिच्यात दर वीस फुटांवर एक जोड. प्रत्येक जोडाच्या वेळी कोणीतरी फडकं हातात घेतलं किंवा घेतलं नाही, यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

माझ्या चुलत भावाच्या पपईत असाच एक जोड रात्री निसटला. आमच्याकडे मोटार विजेच्या वेळापत्रकावर चालते, त्यामुळे सकाळपर्यंत कोणाला पत्ता नाही. पपईच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. दोन दिवस पाय बुडाले तरी झाड माना टाकतं. फळाला आलेली एक अख्खी ओळ गेली. लाइन टाकून देणाऱ्याला विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं, "सोल्युशनच खराब शे, भाऊ." निसटलेलं टोक मी पाहिलं. पाइप गुळगुळीत, कारखान्यातून आला तेव्हाची चकाकी जशीच्या तशी, आणि सोल्युशनचा पापुद्रा नखाने अख्खा निघाला. त्यात शेतातली बारीक माती चिकटलेली. म्हणजे सोल्युशन इमानदारीने चिकटलं होतं, पण मातीला!

आता थोडं शास्त्र, कंटाळू नका. सोल्युशन हा खरं तर डिंक नव्हेच. त्यात पीव्हीसी विरघळवणारी द्रावणं असतात आणि त्यांत थोडं पीव्हीसीही विरघळवलेलं असतं. ते लावलं की पाइपाचा आणि सॉकेटचा वरचा थर मऊ होतो, दोन्हीकडचे रेणू एकमेकांत गुंततात, द्रावण उडून जातं आणि दोन्ही मिळून एकच प्लास्टिक उरतं. नीट झालेला जोड शोधायला गेलं तर सापडू नये. पण मध्ये धूळ, पाणी, हाताचं तेल किंवा पाइप बनवताना वापरलेल्या मेणकट पदार्थाचा पातळ थर असेल, तर गुंतणार कोण कोणात?

म्हणून टोक सरळ कापायचं, कानशीने कडेची धार मारायची (नाहीतर ती कड आत जाताना सोल्युशन खरवडून पुढे ढकलते), काचपेपरने चकाकी घालवायची, कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसायचं, किती आत जाणार त्याची खूण करायची. मग दोन्हीकडे सोल्युशन, पाव वळसा देऊन बसवायचं आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. लगेच मोटार चालू करायची नाही, शक्यतो एक दिवस जाऊ द्यायचा. एका जोडाला पाच-सात मिनिटं लागतात. ती वाचवून काय मिळतं? ६३ मिलिमीटरचा पाइप घ्या. २ किलोच्या दाबाला बंद टोकावर पाणी साधारण ६० किलोचा रेटा देतं, आणि तो धक्का दरवेळी मोटार सुरू झाली की बसतो. आमच्या मे महिन्याची गोष्ट तर आणखी वेगळी. उन्हात तापलेल्या पाइपावर सोल्युशन लावताक्षणी वरून सुकतं आणि आत घालेपर्यंत त्यावर साय धरते. हे काम सकाळी किंवा सावलीत करायचं असतं. (आणि तोंडात बिडी ठेवून तर कधीच नाही, वाफ पेट घेते.)

हे झालं पीव्हीसीचं. ते मुळात गुणी पोर आहे. खरी अडचण पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे बादल्या, टाक्या, ठिबकच्या नळ्या, स्प्रिंकलरचे काळे पाइप. यांचा पृष्ठभाग अळवाच्या पानासारखा. पाण्याचा थेंब टाका, गोळा होऊन बसेल, पसरणार नाही. जे पसरत नाही ते चिकटत नाही. अळवावरचं पाणी ही उपमा आपण आयुष्याच्या क्षणभंगुरतेला देतो, पण डिंक बनवणाऱ्यांच्या सगळ्या डोकेदुखीचं सार त्या एका पानावर आहे. ठिबकच्या नळ्या म्हणूनच कोणी चिकटवत नाही, दातेरी जोडणी आत दाबून बसवतात. एचडीपीईचे पाइप तापवून एकमेकांत वितळवतात किंवा क्लॅम्पने धरतात.

यावरही उपाय आहे, पण तो डब्यात नसतो. दुधाच्या पिशवीवरची छपाई बोटाने पुसली जात नाही, कारण छापण्याआधी त्या फिल्मवर विजेच्या ठिणग्यांचा मारा करून तिचा पृष्ठभाग बदललेला असतो. गाडीच्या बंपरला रंग देण्याआधी त्यावरून क्षणभर ज्योत फिरवतात. त्याने वरच्या थराशी ऑक्सिजन जोडला जातो आणि पानाचा अळूपणा जातो म्हणा ना. त्याचा परिणामही हळूहळू ओसरतो, म्हणून पुढचं काम वेळेत उरकावं लागतं. म्हणजे कारखान्यांना कळलेलं आहे की आधीची तयारी हाच मुख्य खर्च आहे. शेतात मात्र आपण तयारीला शून्य पैसे देतो.

माझा राग खरं तर इथे आहे. लाइन टाकणाऱ्याला मजुरी फुटावर मिळते. पुसायचे पैसे कोणी देत नाही, मग तो कशाला पुसेल? पाइपांसाठी भारतीय मानक आहे, सोल्युशनसाठी आहे, पाइप कसे टाकावेत आणि जोडावेत यासाठीही आहे, आयएस ७६३४. पण मी पाहिलेल्या डब्यांवर सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत आणि इंग्रजीत. धडगावच्या पोराने त्या वाचायच्या कशा? चार चित्रं छापायला असा कितीसा खर्च येतो? सरकार ठिबकला अनुदान देतं, चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यात जोडाची मजुरी वेगळी धरावी, आणि माती लोटण्याआधी लाइनवर दाब देऊन शेतकऱ्यासमोर चाचणी व्हावी. घरच्यांचं म्हणणं, मी फार खोलात जातो. असो.

भावाने यंदा नवी लाइन टाकताना फुटाऐवजी जोडावर मजुरी ठरवली. गावात त्याला वेड्यात काढलं. गडी मात्र खूश होता, सबंध वेळ खांद्यावर फडकं टाकून फिरत होता.

आणि आत्या, तुझ्या गच्चीवरच्या टाकीबद्दल. तिला एम-सील तीनदा लावून झालं, चौथ्यांदा नको. ती पॉलिथिलीनची आहे. बादल्या-टाक्या प्लास्टिकच्या कांडीने वितळवून सांधणारा कोणी मिळाला तर बघ. तो आधी भेगेची कड खरवडेल, मगच कांडी लावेल. न खरवडता सुरुवात केली तर त्याला चहा पाज आणि परत पाठव.