एकट्यानं अडून बसण्याची किंमत : अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंचा धडा

कॉलेजात शिकणारा वीस वर्षांचा पोरगा. खेळण्याबद्दल त्याला वर्षाला साधारण 24 लाख डॉलर, म्हणजे 20 कोटी रुपयांच्या आसपास मिळत होते, असं अमेरिकी माध्यमांनी छापलं. त्याच्या बाजूनं 40 लाख डॉलरची मागणी झाली, असंही छापून आलं. 11 एप्रिल 2025 ला तो सरावाला आला नाही. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक जॉश ह्यूपेल यांनी जाहीर केलं की संघ आता त्याच्याशिवाय पुढे जाणार.

हा खेळाडू म्हणजे टेनेसी विद्यापीठाचा निको इयामालेआवा. खेळ अमेरिकन फुटबॉल. गोव्यात आणि कोल्हापुरात खेळतात तो फुटबॉल वेगळा. निको क्वार्टरबॅक, म्हणजे डाव रचणारा, चेंडू फेकणारा मुख्य गडी. 2024 च्या हंगामात त्याच्या हाताखाली संघानं दहा सामने जिंकले आणि राष्ट्रीय बाद फेरी गाठली. असा मोहरा संघ एका दिवसात सोडेल, असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. पैसा हेच कारण होतं, हे निकोनं नंतर मान्य केलं नाही. पण नोकरीत असो की खेळात, बोलणी चालू असताना कामावर न येणं याला आपल्याकडे एकच शब्द आहे : अडून बसणं.

पैसा आला कुठून?

अमेरिकेत कॉलेज खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे पैसे घ्यायला अनेक दशकं बंदी होती. मैदानं भरायची, टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे व्हायचे, प्रशिक्षकांचे पगार कोटींत. खेळणारा मात्र 'हौशी'. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऑलस्टन खटल्यात एकमतानं एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या विरोधात निकाल दिला. 1 जुलै 2021 पासून खेळाडूला स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरून जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. यालाच तिथे एनआयएल म्हणतात.

कागदावर हा जाहिरातीचा पैसा. प्रत्यक्षात मोठा वाटा आला तो कॉलेजच्या श्रीमंत चाहत्यांनी काढलेल्या 'कलेक्टिव्ह' नावाच्या गटांकडून. जाहिरात नावाला, खरा मोबदला खेळण्याचा. पुढे जून 2025 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यानुसार जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे 2.8 अब्ज डॉलर भरपाई, आणि 2025-26 पासून प्रत्येक कॉलेजला वर्षाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटायची परवानगी मिळाली.

म्हणजे पैसा मागणं आता गैर राहिलेलं नाही. प्रश्न आहे तो मागायचं कसं, आणि कधी.

डाव का फसला?

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दर मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर आधी बघावं लागतं की जास्त दिवस थांबायची ताकद कुणात आहे. उभा ऊस वाळतो. कारखान्याला दुसरीकडून माल मिळतो. निकोचं तेच झालं.

एक म्हणजे वेळ. कॉलेज बदलण्यासाठीची वसंतातली मुदत 16 ते 25 एप्रिल होती. तोवर बहुतेक बड्या संघांनी क्वार्टरबॅक ठरवून ठेवले होते, पैसेही वाटून झाले होते.

दुसरं म्हणजे दारं. टेनेसी ज्या एसईसी गटात खेळतं, त्याच्या नियमाप्रमाणे वसंतात त्याच गटातल्या दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या खेळाडूला येणाऱ्या हंगामात मैदानात उतरता येत नव्हतं. देशातली सर्वात पैसेवाली कॉलेजं बरीचशी याच गटात. ती सगळी एका फटक्यात बाद.

तिसरं, आणि सगळ्यात मोठं : कॉलेजला पुढचा गडी मिळतो, खेळाडूचं वर्ष परत येत नाही. निको शेवटी आपल्या गावाजवळच्या यूसीएलएत गेला. टेनेसीत मिळत होतं त्यापेक्षा कमी रकमेवर, असं वृत्त होतं. आणि यूसीएलएत नुकताच आलेला जोई अगिलार तिथून निघून थेट टेनेसीचा क्वार्टरबॅक झाला! 2025 मध्ये यूसीएलए पहिले चार सामने हरलं, तीन पराभवांनंतरच प्रशिक्षकाची गच्छंती झाली, आणि हंगाम 3 विजय 9 पराभवांवर संपला. टेनेसीनं नियमित हंगामात 8 सामने जिंकले.

तोंडी शब्दाची गोष्ट

याआधी, सप्टेंबर 2024 मध्ये, लास व्हेगासच्या यूएनएलव्ही विद्यापीठाचा मॅथ्यू स्लूका तीन सामन्यांनंतर संघ सोडून गेला. तिन्ही सामने जिंकलेले. त्याच्या एजंटचं म्हणणं, एका सहाय्यक प्रशिक्षकानं तोंडी 1 लाख डॉलर कबूल केले होते, हातात आले 3 हजार. विद्यापीठ म्हणालं, ठरलेलं सगळं आम्ही पाळलं. कोण खरं, हे बाहेरच्यानं सांगणं कठीण, कारण त्या आकड्याचा सही-शिक्क्याचा कागदच समोर आला नाही. स्लूकाच्या जागी आलेल्या हज-मलिक विल्यम्सला घेऊन संघानं त्या हंगामात एकूण 11 सामने जिंकले.

दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत. एकाकडे करार होता आणि त्याला तो वाढवून हवा होता, असं म्हटलं गेलं. दुसऱ्याकडे करारच नव्हता. पहिल्याला हावरट म्हणणं सोपं आहे, दुसऱ्याला बिचारा म्हणणंही सोपं आहे. पण दोघांचं हत्यार एकच होतं : एकट्यानं निघून जाणं. आणि दोन्ही वेळा संघ थांबला नाही.

मग उपाय काय?

निघून जायची वाट तर आता आणखी अरुंद झाली आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये एनसीएएनं फुटबॉलसाठी वसंतातली मुदतच रद्द केली. आता फक्त जानेवारीतले पंधरा दिवस. म्हणजे एप्रिलमध्ये अडून बसणाऱ्याला जायला दारच नाही.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडूंची संघटना असते, ती मालकांशी एकत्र बोलते, किमान पगार आणि नियम ठरवून घेते. कॉलेज खेळाडूंना कर्मचारी मानायचं की नाही हेच अजून ठरलेलं नाही. मार्च 2024 मध्ये डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघानं 13 विरुद्ध 2 मतांनी संघटना करायचं ठरवलं होतं. कॉलेजनं विरोध केला, आणि त्या वर्षाच्या शेवटी अर्ज मागे घेतला गेला. एकत्र बोलायची वाट बंद, म्हणून जो तो आपापला एजंट घेऊन एकटा भिडतो. मोजके जिंकतात. बाकीच्यांच्या बातम्या होतात.

आपल्या पोरांसाठी

आपल्याकडून अमेरिकेत टेनिस, पोहणं, अॅथलेटिक्ससाठी मुलं जातात. तेजस्विन शंकरनं कॅन्सस स्टेटकडून 2018 आणि 2022 मध्ये उंच उडीत तिथलं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. घरी हे आकडे वाचून आई-बाबांना वाटेल, आपल्याही पोराला जाहिरातीचे चार पैसे मिळतील. तसं सोपं नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर काम करून कमाई करण्यावर कडक बंधनं आहेत आणि एनआयएलचा पैसा त्यात अडकतो. चुकीच्या करारावर सही झाली तर धोका फक्त खेळाचा नाही, व्हिसाचाही आहे. आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारायचं, मग वकिलाला, मग सही.

खेळाडूंना त्यांच्या घामाचे पैसे मिळायलाच हवेत. इतकी वर्षं ते दिले नाहीत हाच खरा अन्याय होता. पण हक्क मिळाला म्हणजे ताकद मिळाली असं होत नाही. ताकद येते ती लेखी करारातून आणि सोबत उभ्या राहणाऱ्या माणसांतून. ती नसताना अडून बसणारा बहुतेक वेळा स्वतःचीच वाट अडवतो.