भांबुर्डे: जमिनीखाली ३३ मीटर, तरीही नावापर्यंत पोहोचले नाही

१/ पुण्याच्या मेट्रोतील सर्वांत महत्त्वाचे अदलाबदलीचे स्थानक म्हणजे 'जिल्हा न्यायालय'. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही मार्गिका येथे भूगर्भातून जाते. वनाज ते रामवाडी ही मार्गिका डोक्यावरून, उन्नत पुलावरून. हिंजवडीच्या मार्गिकेचे शेवटचे स्थानकही येथेच योजले आहे. स्थानकाची खोली सुमारे ३३ मीटर. इतक्या खोलवर सूर्यप्रकाश पोहोचावा अशी त्याची रचना आहे. अभियांत्रिकी म्हणून हे काम निःसंशय कौतुकास्पद आहे.

२/ वाद आहे तो नावाचा. ज्या भूमीत हा खड्डा खणला गेला, तिचे जुने नाव भांबुर्डे. मुठेच्या डाव्या तीरावरचे हे गाव. पलीकडच्या तीरावर कसबा. आज जंगली महाराज रस्त्यावर असलेले पाताळेश्वराचे लेणे सुमारे आठव्या शतकातले. ब्रिटिशकालीन नोंदींत ते भांबुर्ड्याचे लेणे म्हणूनच येते.

३/ पुढे शहर नदी ओलांडून वाढले आणि गाव त्याच्या पोटात गेले. भांबुर्ड्याचे रेल्वे स्थानक 'शिवाजीनगर' झाले, वस्तीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. जमिनीच्या जुन्या कागदांत 'मौजे भांबुर्डे' तेवढे शिल्लक राहिले. आज या भागात रोज ये-जा करणाऱ्या किती तरुणांनी हा शब्द ऐकला असेल?

४/ येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. 'शिवाजीनगर' हे नाव काढा, असे कोणीही म्हणत नाही. याच परिसरात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा १९२८ साली उभा राहिला. त्या नावामागेही इतिहास आहे. शिवाय मेट्रोवर 'शिवाजीनगर' हे स्वतंत्र स्थानक आहेच, अगदी शेजारचे. म्हणूनच पुढच्या स्थानकाला 'भांबुर्डे' म्हणण्यात कोणाचाही मान कमी होत नव्हता. जागा मोकळी होती. ती कचेरीच्या नावाने भरली गेली.

५/ इतिहासाची आठवण ठेवलीच नाही, असेही नाही. छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना या स्थानकांची छपरे मावळ्याच्या पगडीसारखी आहेत. शिवाजीनगर स्थानकाला गडकोटाचे रूप दिले आहे. पण पगडी हा वेश झाला. वेश कोणत्याही इमारतीला चढवता येतो. उद्या हिंजवडीतही तशीच पगडी बांधता येईल. 'भांबुर्डे' हे नाव मात्र भांबुर्ड्याखेरीज कोठेही लावता येणार नाही. इतिहास आणि सजावट यांत हा फरक आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी तरी तो विसरू नये.

६/ तुलनेसाठी बीजिंग पाहावे. तेथील शीझीमेन हे स्थानक. 'मेन' म्हणजे दरवाजा, आपली वेस. हा राजधानीचा वायव्येकडचा दरवाजा. राजवाड्यासाठी झऱ्याचे पाणी आणणाऱ्या गाड्या येथूनच आत येत. १९६९ साली तो पाडला गेला. पाडताना त्याच्या पोटात त्याहून जुन्या, युआनकालीन हेयीमेन दरवाजाचे अवशेष सापडले. तेही वाचले नाहीत.

७/ वास्तुइतिहासकार ल्यांग सिचेंग यांनी तट राखावा, त्यावर लोकांसाठी बाग करावी, असे १९५० च्या सुमारास सुचवले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. भुयारी रेल्वेसाठी तटाची जागा घेतली गेली आणि मार्गिका २ जुन्या तटाच्याच रेषेवरून धावू लागली. वारशाच्या दृष्टीने हा अपराधच होता आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

८/ तरीही त्या अपराधात एक गोष्ट वाचली. मार्गिका २ वरील १८ स्थानकांपैकी ११ स्थानकांच्या नावाअखेरीस आजही 'मेन' आहे. शीझीमेनला १९८४ मध्ये ही मार्गिका आली, २००२ मध्ये १३ वी आणि २००९ मध्ये ४ थी. दरवाजा नाही, तट नाही. पण गाडी बदलणारा प्रत्येक प्रवासी नकळत त्या दरवाजाचे नाव उच्चारतो. त्यांनी दगड घालवला आणि शब्द राखला. पुण्यात तर पाडण्यासारखे काहीच नव्हते. स्थानक उभे राहिले ते शासकीय धान्य गोदामाच्या जागेवर. येथे शब्द राखायला एक पैसाही लागला नसता.

९/ 'नावात एवढे काय आहे?' हा प्रश्न वाशीम जिल्ह्यातल्या वाचकाने तरी विचारू नये. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमला मिळाला, त्यावर हे स्थलनाम आढळले, आणि वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथून राज्य करत होती हे अभ्यासकांना उमगले. एका नावाने विदर्भाच्या इतिहासाचे एक प्रकरण उघडले. ते नाव खोडले गेले असते तर?

१०/ अनसिंगसारख्या गावातून शिक्षणासाठी पुण्यात येणाऱ्या विद्यार्थ्याचाही येथे विचार व्हावा. त्याला शहर आधी कळते ते फलाटावरच्या पाट्यांतून. कसबा पेठ, मंडई, स्वारगेट: ही नावे त्याला काही सांगतात. 'जिल्हा न्यायालय' काय सांगते? जिल्हा न्यायालय वाशीमलाही आहे.

११/ सोयीचा मुद्दा खोटा नाही. पक्षकार आणि वकील यांना न्यायालय कोठे उतरून गाठायचे हे समजले पाहिजे. त्यासाठी नावाखाली एक ओळ पुरते: 'भांबुर्डे (जिल्हा न्यायालय)'. 'आता बदल कसा करणार?' हाही मुद्दा टिकत नाही. हेच स्थानक आधी 'सिव्हिल कोर्ट' होते. पुढचे 'बुधवार पेठ' होते, ते 'कसबा पेठ' झाले. पाट्या बदलता येतात, हे मेट्रोनेच दाखवून दिले आहे.

१२/ मंडईचे उदाहरण बोलके आहे. ती इमारत १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून उघडली. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी 'मंडई' हा शब्द कधीच सुटला नाही, आणि शेवटी पाटीवरही तोच आला. भांबुर्ड्याच्या मागे मात्र अशी रोजची बाजारपेठ उरलेली नाही. लोकांच्या तोंडातून जे गेले, ते पाटीनेच परत आणावे लागते.

१३/ महाराष्ट्रात आणखी भुयारी स्थानके होतील. प्रत्येकाचे नाव ठरण्यापूर्वी त्या जागेचा जुना नकाशा आणि महसुली दप्तर कोणीतरी उघडून पाहावे, एवढीच मागणी आहे. तरुण अभ्यासकांना हे काम आजही करता येईल: आपल्या गावातल्या, पेठेतल्या बुजलेल्या नावांची यादी करा, ती कोणत्या कागदात आहेत ते नोंदवा आणि निर्णय होण्याआधी संबंधितांसमोर ठेवा. निर्णय झाल्यावर हळहळणारे पुष्कळ मिळतात.

१४/ मुठेखालून बोगदा काढणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी नद्यांची नावे दिली गेली. यंत्रे काम संपवून गेली. ज्या गावाची भूमी त्यांनी कोरली, त्याचे नाव लावायचे अजून राहिले आहे.