रात्रीची दारं

आमच्या ओढ्यापलीकडं आता सहा-सात बंगले झालेत. पुण्या-मुंबईची मंडळी शनिवारी येतात, सोमवारी पहाटे जातात. माणसं वाईट नाहीत. पण त्यांच्यातले एक साहेब मला दर भेटीत सांगतात, "तुम्ही गावकऱ्यांनी वन्यजीवांबरोबर सहजीवन शिकलं पाहिजे." मी ऐकून घेतो. मनात म्हणतो, साहेब, आम्ही दुसरं काय करत आलोय? शिरूर-आंबेगाव-जुन्नरच्या या पट्ट्यात बांधात नाग, पाचटात घोणस, सरपणात विंचू हे आमच्या आज्याच्या वेळेपासून आहे. धरणं झाली, ऊस वाढला, तसा उसात बिबट्याही आला. सहजीवन शिकवायचंच असेल तर ते आम्हाला नको. शेताला रात्री अकरा वाजता वीज सोडणाऱ्यांना शिकवा, आणि दवाखान्यात सापाची लस असून ती न देणाऱ्यांना शिकवा. माझं भांडण तेवढंच आहे.

आधी सापाची बाजू सांगतो. शेतात धान्य आहे म्हणून उंदीर आहे, उंदीर आहे म्हणून साप आहे. एक धामण वर्षभरात किती उंदीर खाते ते कणगीला विचारा. माणसाच्या जिवावर उठणारे साप आमच्याकडं मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातला एकही माणसाला शोधत येत नाही. घोणस पाचटात वेटोळं करून पडते आणि पाय जवळ आला की कुकरची वाफ सुटावी तशी फूत्कारते. ती तिची सूचना असते. मण्यार रात्री घरात शिरते ती भक्ष्याच्या मागं, आणि भुईवर झोपलेल्याचा हात तिच्या अंगावर पडला की चावते. चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, डोळ्यांवर झापड येते, बोलणं जड होतं. घरचे समजतात, रात्रीचं खाणं बाधलं.

जुन्या माणसांनी याच्यावर आपल्या परीनं तोडगे काढले होते. सरपण नि गोवऱ्या भिंतीला लावून रचायच्या नाहीत. अंधारात काठी आपटत चालायचं. झोपायला बाज. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, खणायचं नाही. नागाला दूध पाजणं हा खुळेपणा आहे, साप दूध पीत नाही. पण वर्षातला एक दिवस जमिनीखालच्या जिवाचा विचार करून नांगर उभा ठेवणारा समाज सहजीवन जाणत नव्हता, असं कुणी म्हणू नये.

या तोडग्यांमध्ये एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली होती: रात्री माणूस शेतात नसतो. ती आता खरी राहिली नाही.

शहरातल्या वाचकाला दारं धरणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. पाटानं पाणी येतं, ते उसाच्या सरीत सोडायचं. सरी भरली की वाकून खोऱ्यानं तिचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. असं रात्रभर. चिखलात बूट रुततो म्हणून पाय अनवाणी. दोन्ही हातांत खोरं, म्हणून बॅटरी दातांत किंवा काखेत. पाणी बिळात शिरलं की उंदीर बाहेर पडतो, बेडूक उड्या मारतो आणि त्यांच्या मागं साप निघतो. घोणस रात्रीची हिंडणारी. म्हणजे सापाच्या कामाच्या वेळेत, सापाच्या जेवणाच्या जागी, उघड्या पायांचा माणूस आपण उभा करतो आणि वर त्याला सहजीवनाचं व्याख्यान देतो.

तो तिथं हौसेनं जात नाही. शेतीपंपाला तीन फेजची वीज पाळीनं मिळत आली: आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा कारखान्यांना वीज लागते, शहरांना लागते. रात्री त्यांची मागणी उतरली की आमची पाळी. पीक तर पाळी बघून वाळायचं थांबत नाही. दिवसा वीज देणं अशक्य आहे असंही नाही. सरकारनं २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा काढला, आणि हेतू हाच की शेताला दिवसा वीज मिळावी. म्हणजे रोग सरकारला माहीत आहे, औषधही माहीत आहे. जिथं दिवसाची वीज पोचली तिथला शेतकरी रात्री आपल्या बाजेवर झोपतो. जिथं नाही, तिथल्या प्रत्येक रात्रीचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा.

आमच्या भागात दिवसा विजेची मागणी जोरात पुढं आली ती बिबट्यामुळं. बिबट्यानं माणूस मारला की गाव रस्त्यावर उतरतं, मंत्री येतात, पिंजरे लागतात. ते व्हायलाच पाहिजे. पण सापानं माणूस मारला की तेराव्याला पाहुणे येतात, एवढंच. सरकारी कागदही हाच भेद करतो. बिबट्यानं मारलं तर वारसांना २५ लाख रुपये. सापानं मारलं तर गोपीनाथ मुंडेंच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून २ लाख, तेही सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला नि त्याच्या घरातल्या एकाला. दुसऱ्याच्या रानात मजुरीनं दारं धरणाऱ्या भूमिहीनाला त्या योजनेत जागा नाही. रान तेच, रात्र तीच, दोघेही जनावरानंच मारलेले. मग एका मरणाची किंमत दुसऱ्याच्या बारावा हिस्सासुद्धा का नसावी?

आता चावल्यानंतरचं. आमच्या भावकीतला चोवीस वर्षांचा पोरगा दारं धरताना घोणशीनं धरला. रात्रीचा दीड वाजलेला. चुलत्यानं त्याला मोटारसायकलवर मधे बसवून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, "लस आहे, पण रिॲक्शन आली तर इथं सोय नाही. पुढं न्या." पुढच्या ठिकाणी डॉक्टर नव्हते. तिसऱ्या ठिकाणी लस टोचली तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. तोवर लघवीतून रक्त सुरू झालं होतं. पोरगा वाचला, पण तीन आठवडे डायलिसिस लागलं. दोन म्हशी गेल्या, सोसायटीचं कर्ज थकलं. योजनेत काही बसतं का म्हणून विचारलं, तर मरण आलं पाहिजे नाहीतर हात, पाय, डोळा गेला पाहिजे. मूत्रपिंड त्या यादीत नाही.

वैद्यकाच्या दृष्टीनं यात अवघड काय होतं? घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला मोठं मशीन लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी आडवी करायची. रक्त वाहिलं, तर लस सुरू करायची. आपल्या देशाच्या उपचारपद्धतीत सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या सांगितल्या आहेत, आणि रिॲक्शन आलीच तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. ते स्वस्त आहे. चारही सापांवर चालणारी लस आपल्याच देशात बनते, मुंबईच्या परळात हाफकिनमध्येही बनत आली. नळी, लस, ॲड्रेनलिन आणि जबाबदारी घेणारा डॉक्टर, एवढं जवळच्या दवाखान्यात असतं, तर ते साडेचार तास रस्त्यावर गेले नसते.

कुणी म्हणेल, खेड्यात एवढं होत नसतं. त्याला विंचवाचं उदाहरण देतो. कोकणात लाल विंचवानं माणसं मरायची, लहान मुलं जास्त. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या साध्या दवाखान्यात रोगी बघून बघून शोधलं, की रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी अशा रोग्याला वाचवते. त्यांचं हे काम लॅन्सेटपर्यंत गेलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू कमी झाला म्हणून मरणं घटली नाहीत. विंचू होता तिथंच राहिला, गोळी वेळेवर पोचायला लागली. सहजीवन म्हणतात ते हेच. त्यात प्रेमाचा नि भीतीचा फार संबंध येत नाही. माणूस आणि जनावर एकाच रानात राहतील आणि चावलेला माणूस घरी परत येईल, एवढी सोय करायची असते.

आकडाही ऐकून ठेवा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली छापून आलेल्या अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मरणं निम्मी करायची म्हणून. त्याच वर्षी राज्यांना सांगितलं, की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. कागद चांगला आहे. कागदावरची लस रात्री अडीच वाजता टोचता आली पाहिजे.

आमच्याच लोकांनाही दोन शब्द सुनावतो. धामण दिसली की ठेचायची, मग उंदरांनी कणगी पोखरली म्हणून रडायचं, हे बंद करा. देवऋष्याकडं नेऊन उतारा टाकण्यात जो तास जातो, तो त्या माणसाच्या आयुष्यातला असतो. चावलेल्या जागी ब्लेड मारू नका, करकचून दोरी बांधू नका, साप शोधत बसू नका. हात-पाय न हलवता गाडीत घाला आणि निघा. पावसाळ्यात भुईवर झोपू नका. बाज घ्या, मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचा. मण्यार अडते, आणि डासही.

बंगल्यातल्या मंडळींनाही सांगतो. तुमच्या अंगणात साप निघाला की तुम्ही सर्पमित्राला फोन लावता, ते बरोबरच आहे. पण पकडलेला नाग "निसर्गात" सोडायचा म्हणून तो आमच्या वस्तीच्या ओढ्यात सोडला जातो, तेव्हा तुमचा निसर्ग म्हणजे आमचं घर असतं. गळ्यात नाग घालून फोटो काढणाऱ्या पोरांना टाळ्या देऊ नका. आणि सहजीवनावर बोलायचंच असेल, तर गावच्या ग्रामसभेला या. तुमचं इंग्रजी आणि तुमच्या ओळखी तिथं उपयोगी पडतील.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न दोनच आहेत, दोन्ही लेखी द्यायचे आणि उत्तरही लेखी मागायचं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज सापाच्या लसीच्या किती कुप्या आहेत, आणि रात्री त्या टोचणारा डॉक्टर कोण? आणि आपल्या शेतीच्या वाहिनीला या आठवड्यात किती रात्री वीज सोडली, आणि ती दिवसा कधीपासून मिळणार? पहिला प्रश्न मृग लागायच्या आत विचारा. पाऊस पडल्यावर उत्तर यायला उशीर होतो.