सैल झालेला खिळा

आमच्या घरीं एक जुना वस्तरा आहे. पात्याच्या मानेवर शेफील्डचा छाप आहे आणि मूठ शिसवी लांकडाची आहे. आमच्या अंबाजोगाईस पूर्वीं मोमिनाबाद म्हणत. हैदराबाद संस्थानाच्या घोडदळाची छावणी येथें होती. त्या छावणीच्या बाजारांत पणजोबांनीं हा वस्तरा घेतला, असें वडील सांगतात. मूळची शिंगाची मूठ पुढें चिरली, तेव्हां गांवच्या सुतारानें शिसवीच्या दोन फळ्या करून बसविल्या.

वडिलांनीं नव्वदी ओलांडली आहे. हात कांपूं लागल्यापासून त्यांची दाढी आम्ही करितों. यंत्राची घरघर त्यांस सोसत नाहीं, आणि १९०३ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेला जिलेट यांचा सुरक्षित वस्तरा त्यांच्या लेखीं अजून नवाच आहे! गेल्या वैशाखांत एके सकाळीं त्यांच्या कानाखालीं रक्ताचा थेंब दिसला. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ असते. आमचा जीव चरकला. वडील मात्र शांतपणें म्हणाले, “तुझा हात चुकला नाही रे, खिळा सैल झालाय.”

पाहतों तों खरेंच. पातें दोन फळ्यांमध्यें डुलत होतें. कठोपनिषदांत वस्तऱ्याच्या धारेची उपमा आहे; ती आम्हीं वर्गांत किती तरी वेळां समजावून सांगितली असेल. परंतु ती धार ज्या खिळ्यावर फिरते, त्याचा विचार एकदांही मनांत आला नव्हता. धार कितीही उत्तम असली तरी खिळा सैल असेल, तर पातें हाताच्या आज्ञेत राहत नाहीं. शिवाय मिटतांना तें फळीवर घासतें, आणि मेहनतीनें लावलेली धार आपल्याच मुठींत बोथट होते.

खिळा आवळण्याची रीत अवघड नाहीं. प्रथम परीक्षा करावी. वस्तरा अर्धा उघडून धरला असतां पातें आपोआप खालीं पडूं नये, आणि मिटला असतां तें दोन्ही फळ्यांच्या बरोबर मध्यें बसावें. तसें होत नसेल तर फळीस चीर गेली नाहीं ना, हें आधीं पाहावें; चिरलेल्या फळीवर हातोडी चालवूं नये. मग धारेवर कापडी चिकटपट्टी दुहेरी गुंडाळावी. ही गोष्ट विसरणारास बोटाचें प्रायश्चित्त ठरलेलेंच आहे.

ऐरण नसेल तर वाण्याकडचें जुनें लोखंडी वजन चालतें. खिळ्याचें एक डोकें त्यावर सपाट टेकवावें आणि दुसऱ्या डोक्यावर सोनाराच्या लहान, गोल तोंडाच्या हातोडीनें हलके ठोके द्यावेत. ठोका डोक्याच्या मध्यावर नको, कडेकडेनें गोल फिरत द्यावा. म्हणजे धातू बाहेर पसरतो आणि चकती दाबली जाते. मध्यावर जोरानें मारल्यास खिळा आंतल्या आंत वांकतो. आठदहा ठोके झाले कीं वस्तरा उलटा करून दुसऱ्या बाजूनें तितकेच द्यावेत आणि पातें फिरवून पाहावें.

खिळा झिजलाच असेल तर एका बाजूचें डोकें कानशीनें घासून तो हळूच ठोकून काढावा. नवा खिळा पितळी तारेचा करावा. बहुतेक जुन्या वस्तऱ्यांस सुमारें १.६ मिलिमीटर जाडीची तार लागते, तरी आपल्या भोंकाचें माप आधीं घ्यावें. दोन्ही बाजूंस चकत्या घालून तार सुमारें एक मिलिमीटर बाहेर ठेवावी आणि वरील रीतीनें तिचीं डोकीं पसरवावींत.

हें सर्व आम्हीं केलें. पातें घट्ट बसलें. शिक्षकाचा स्वभाव असा, कीं उत्तर बरोबर आलें तरी त्याखालीं रेघ ओढल्यावांचून चैन पडत नाहीं; म्हणून आम्हीं आणखी पांचसहा ठोके दिले.

श्रावणांत पाऊस लागला. एके दिवशीं वस्तरा उघडेना. जोर केला तेव्हां बारीकसा आवाज झाला, आणि खिळ्यापासून निघालेली चीर फळींत बोटभर गेली. वडिलांच्या हातीं आयुष्यभर टिकलेली मूठ आमच्या हातीं चार महिन्यांत गेली!

आळींतल्या नाभिककाकांकडे वस्तरा नेला. त्यांच्या दुकानांत आतां प्रत्येक गिऱ्हाइकास नवें पातें लागतें, आणि तेंच योग्य आहे. कारण रक्तांतून पसरणारे रोग एकाच पात्यानें दुसऱ्यास होऊं शकतात. घरच्या वस्तऱ्याचाही नियम हाच, एक वस्तरा एकाच माणसाचा. काकांनीं चीर पाहिली आणि विचारलें, “गुरुजी, आवळला कधी?” आम्हीं वैशाख सांगितला. ते हंसले. “उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं, म्हणून खिळा ढिला वाटतो. पावसात तेच फुगतं. त्याला जागा ठेवायला पाहिजे होती.”

चूक समजली. आमच्या बीड जिल्ह्यांतील उन्हाळा लांकडांतलें पाणी शोषून घेतो, आणि श्रावणांतली दमट हवा तें परत देते. वैशाखांत पातें किंचित् सैल राहूं द्यावें, पावसाळ्यांत तें बेताचें बसतें. अगदींच डुलत असेल तर दोनचार ठोके पुरेत, आणि पक्कें आवळणें दिवाळीनंतर करावें.

सुतारानें नवी फळी करून दिली. तिला आम्हीं जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. त्यानें लांकडाचें आकसणें-फुगणें मंदावतें. खिळ्यास मात्र शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यावा. करडईचें तेल वाळून चिकट होतें आणि खोबरेल थंडींत गोठतें. लांकडी मुठीचा वस्तरा उकळत्या पाण्यांत कधीं बुडवूं नये, आणि काम झाल्यावर फळ्यांमधून कोरडें फडकें फिरवावें.

या वेळीं ठोके देतांना वडील शेजारीं बसले होते. आठवा ठोका झाल्यावर त्यांनीं वस्तरा मागून घेतला, उघडला, मिटला, आणि म्हणाले, “पुरे.” आमचा हात हातोडीकडे जात होता, तो आम्हीं मागें घेतला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांची दाढी निर्वेध झाली.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या माळ्यावर असा एखादा वस्तरा डब्यांत पडून असेल. तो मोडीत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावा. बहुधा धार गेलेली नसते. खिळाच सैल झालेला असतो.