रिपोर्ट कुठे अडकला?

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतला फोन थांबत नाही. ‘प्लेटलेट किती आल्या?’ हे वॉर्ड विचारतो, नातेवाईक विचारतात, मधूनच एखाद्या नगरसेवकाचा माणूसही विचारतो. रात्रपाळीला उत्तर द्यायला अनेकदा एकच टेक्निशियन असतो. त्यालाच नमुने लावायचे, यंत्र सांभाळायचे आणि रिपोर्टही सोडायचे असतात.

समजा, यंत्राने १८ हजारांचा आकडा दाखवला. तो तसाच वर गेला तर डॉक्टरांची धावपळ उडणार, नातेवाईक रक्तपेढीकडे पळणार. पण काही जणांचे रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमध्ये गेले की प्लेटलेटचे पुंजके होतात. यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून धरत नाही आणि आकडा खोटाच खाली येतो. म्हणून जाणकार टेक्निशियन स्लाइड काढतो, रंगवतो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. पुंजके दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट बल्बमध्ये नवा नमुना मागवतो. त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असल्याने आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतो. एवढे होईपर्यंत वॉर्डातून चारदा विचारणा झालेली असते : रिपोर्ट कुठे अडकला?

रक्त काढताना पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. असा नमुना परत पाठवला की सिस्टर वैतागतात, न पाठवावा तर रुग्णावर नको ते उपचार होण्याची भीती. चूक झाली तर जाब टेक्निशियनला. टळली तर ती टळली हे कुणाला कळतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, अशी तिची तीन लक्षणे. प्रयोगशाळेत यातले मन विटणे सर्वांत घातक, कारण ते बाहेरून दिसत नाही. तिथे कुणी आरडाओरडा करत नाही. पहाटे चार वाजता एक स्लाइड काढायची राहते, इतकेच. यंत्राचा आकडा तसाच वर जातो.

यंत्रे आली, मग माणसे कशाला, असा हिशेब व्यवस्थापने मांडतात. यंत्र मोजते भराभर. मोजलेले खरे की खोटे, हे ठरवायला माणूसच लागतो. त्या माणसाला कंत्राटावर ठेवायचे, दिवसपाळी बुडाली तर रात्रपाळीला जोडून घ्यायचे आणि वर्षातून एकदा ताणमुक्तीचे व्याख्यान ऐकवायचे, याला उपाय म्हणत नाहीत. (व्याख्यानही बहुधा त्याच्या सुट्टीच्याच दिवशी!)

भारतातल्या पहिल्या करोनाबाधित रुग्णाचे निदान जानेवारी 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत पक्के झाले. पुढची दोन वर्षे स्वॅबच्या खोक्यांनी देशभरच्या प्रयोगशाळा भरल्या. 2021 मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी आयोगाचा कायदा केला, त्यात प्रयोगशाळा व्यावसायिकांनाही स्थान मिळाले. शिक्षण आणि नोंदणीला त्याने चौकट मिळते. पाळीला किती माणसे हवीत हे मात्र रुग्णालयालाच ठरवावे लागते. निदान जुलै ते ऑक्टोबर रात्री दुसरा टेक्निशियन आणि फोन घ्यायला वेगळा माणूस, एवढी तरतूद रुग्णालयांनी पुढच्या पावसाळ्याआधी करावी.